बाराशे पन्नास

कोराडी नाक्यावर माझं दुकान, चाचेरकर बॅटरी वर्क्स.
पाटीवरचं ‘वर्क्स’ गळून पडलं त्याला सात वर्षं झाली.
माझ्या प्रत्येक शर्टाला ॲसिडची बारीक भोकं आहेत,
बायको म्हणते, पोटावर नक्षत्रं उगवलीत तुमच्या.

म्हणून टेंभरडोहच्या लोकांनी मला जनसुनावणीला नेलं:
“भाऊ, तुमी बॅटरीतले. तुमीच बोला.”

शामियाना गायरानावरच होता.
मे महिना, दुपारचे बारा.
दोन कूलर, दोन्हींची तोंडं मंचाकडे,
मागे जनरेटर, डिझेलचा धूर,
आणि पडद्यावर हिरवंगार गवत,
त्यात एकशे बारा पांढरे कंटेनर,
शाळेच्या कवायतीसारखे हातभर अंतर सोडून उभे.
साहेब तरुण होता, गोड बोलत होता.
म्हणाला, दुपारचं ऊन आम्ही ह्यात भरून ठेवू
आणि रात्री नागपूरला देऊ.

मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू.
सेहेचाळीस अंशांचं हे ऊन,
ज्यानं दरसाल कुणी ना कुणी रस्त्यात पडतं,
ते कुणीतरी मापून कुलपात ठेवणार.
आणि त्या समोरच्या चिमण्या,
ज्यांची राख आम्ही वाळत घातलेल्या धुण्यावरून झटकत आलो,
एखाद्या रात्री जरा दम खातील.

मग सुमित्राबाई नेवारे उठल्या. बेचाळीस शेळ्या, एक काठी.
“रात्री नागपूरले देसान. आन् आमची डीपी?
चिमणीच्या सावलीत राहूनबी जळते थे.”
लोक हसले. साहेबही हसला, लिहून घेतलं.
“आन् गायगोधनाले ढाल कुठी नाचवाची आमी?
तुमच्या डब्ब्यायच्या मंधात?”
ह्यावर कुणी हसलं नाही.

आयटीआयवाल्या पोट्ट्यानं विचारलं, नोकऱ्या किती?
बांधकामात दोनशे. नंतर अकरा.
अकरात गार्ड किती?
आठ.

आणि पेटलं तं?

साहेबानं बाटलीतलं पाणी प्यायलं.
शक्यता फार कमी. पेटलाच तर एकच पेटतो,
शेजारचे थंड ठेवायचे,
पाणी मारत राहायचं. काही तास.

टेंभरडोहात नळ तिसऱ्या दिवशी येतो, चाळीस मिनिटं.
डोह फक्त नावात उरलाय.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.
मी उठलो. खिशात हायड्रोमीटर होता, सवयीनं.
शिशाची बॅटरी मी वासावरून ओळखतो.
सेलमध्ये काच बुडवायची, तरंगा वर आला,
बाराशे पन्नास: जिवंत आहे, घेऊन जा.
अकराशेच्या खाली: काका, जीव गुंतवू नका हिच्यात,
असं मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो.
पण हे लिथियम.
ह्याला झाकण नाही, ह्यात पाणी ओतता येत नाही,
ह्याच्या पोटात मला बघता येत नाही.
म्हणालो, “मला ह्यातलं कळत नाही.”
मागून कुणीतरी म्हणालं,
“घ्या बाप्पा. आणला तोबी फ्यूज.”

सगळं आटोपल्यावर साहेबाची गाडी सुरू होईना.
इंजिन बंद ठेवून ड्रायव्हरनं दोन तास
पंखा आणि गाणी चालवली होती.
सुमित्राबाईंच्या पोराचा मालवाहू ऑटो शेजारी लावला,
लाल केबल लालला, काळी लोखंडाला.
ठिणगी उडाली. साहेब दोन पावलं मागं सरला.
मग गाडीनं धरलं.
“किती झाले?” त्यानं पाकीट काढलं.
सुमित्राबाई म्हणाल्या, “तेबी लिहून घ्या ना, साहेब.”

त्यानं खरंच फाइल उघडली.
काय लिहावं ते न सुचून माझं नाव विचारलं.
चाचेरकर, मी म्हणालो.
पहिल्या च ला काना, दुसऱ्याला मात्रा.

तोवर शेळ्या शामियान्यात शिरल्या होत्या,
मंचावर चढून,
कूलरसमोर, डोळे मिटून.